चाळीस घरांचा निरोप

आमच्या दादाच्या जालन्यातल्या घरात बैठकीच्या खोलीत सोफा नाही. सोफ्याच्या जागी माणसाच्या उंचीचं, करड्या रंगाचं एक लोखंडी कपाट उभं आहे आणि त्यावर डझनभर काटे, चकत्या आणि दोन हँडलं आहेत. पाहुणे आले की आधी त्याला वळसा घालतात आणि मग खुर्ची शोधतात. वहिनीने त्याचं नाव 'सवत' ठेवलं आहे. हे एका जुन्या लढाऊ जहाजावरचं ट्रान्समीटर, म्हणजे बिनतारी संदेश पाठवायचं यंत्र. जालन्यात सळयांचे कारखाने आहेत, त्यांच्या भट्ट्यांना भंगार लागतं, आणि देशभरातल्या मोडक्या गिरण्या, पूल, जहाजं असं काय काय ट्रकमधून आमच्याकडे येऊन वितळतं. दादा जुन्या जालन्यातल्या एका भंगारवाल्याच्या आवारात कुलरच्या मोटारीसाठी तांब्याची तार बघायला गेला होता. तिथे हे कपाट पालथं पडलेलं होतं. नुसत्या पाठीवरून ओळखलं म्हणतो. वजनावर घेतलं, हातगाड्यावर घालून आणलं आणि मला फोन केला, "कौसे, ये जल्दी. मोठं काम निघालंय."

मी रेडिओ केंद्रातली इंजिनिअरची नोकरी संपवून घरी बसले होते, आणि रिकामपण मला मानवत नाही. दोघं भावंडं दोन हिवाळे त्या कपाटात डोकं घालून बसलो. उंदराचं घरटं काढलं, कुजलेल्या वायरी बदलल्या, काचेचे जुने व्हॉल्व कुठून कुठून मिळवले. आता बटण दाबलं की ते तापतं, आत तांबूस उजेड पडतो आणि खोलीभर बारीक गुणगुण सुरू होते. अँटेना जोडलेली नाही, जोडायची परवानगीही नाही. तेव्हा आमचं हे यंत्र बोलकं असून मुकं आहे. शाळेतली पोरं बघायला येतात आणि प्रत्येक खेपेला एक तरी विचारतंच, "आजोबा, यावरून तुम्ही पाणबुडीशी बोलायचे का?"

दादा पाणबुडीतच होता, बिनतारीवाला म्हणून, त्यामुळे हा प्रश्न आला की तो खुलतो. हे तर बारकं पोरगं, तो सांगतो. किनाऱ्यावरून आमच्याशी बोलणारं यंत्र इतकं मोठं की त्याच्या तारेच्या वेटोळ्यात माणूस शिडी लावून चढत असे. साध्या रेडिओची लाट समुद्राच्या कातडीवरच मरते. फार लांब लाट असली तरच ती पाण्यात दोन-चार पुरुष खोल उतरते. म्हणून ठरलेल्या वेळेला पाणबुडीने वर तेवढ्या पाण्यात यायचं, तार सोडायची, कानाला लावून ऐकायचं आणि परत खाली जायचं. उत्तर द्यायचं नाही. बोललं की सापडलं. पोरं विचारतात, मग तुम्हाला ऐकू आलं की नाही हे किनाऱ्यावरच्यांना कसं कळायचं? दादा म्हणतो, "न्हाई कळायचं. त्यांनी सांगत ऱ्हायचं, आम्ही ऐकत ऱ्हायचं." वहिनी स्वयंपाकघरातून म्हणते, तीच सवय घरी आणलीय यांनी. पोरं हसतात. मी हसत नाही, कारण या एकतर्फी बोलण्यात मी एकदा जो घोळ घातला तो मला आठवतो, आणि सत्तरी उलटली तरी अजून कान तापतात.

आमचं गाव मंठ्यापासून बैलगाडीने तासाभरावर. घर धाब्याचं, पुढे मोठं अंगण, अंगणाला लागून गोठा, आणि गोठ्यापलीकडे आण्णांची मोसंबीची बाग. गावात मोसंबी लावणारे आमचे वडील पहिले. लोक हसले होते, मग फळ धरल्यावर कलमं मागायला आले. आण्णा उंच, ताठ, मिशा अशा की पोरं त्यांच्याकडे बघून रस्ता बदलत. बोलायचे मोजकं. त्यांच्या तोंडून शब्द काढणं म्हणजे उन्हाळ्यात आडातून पोहरा काढणं. ती कसर माय भरून काढायची. ती चुलीशी बोले, म्हशीशी बोले, भाकरी फुगली नाही तर भाकरीला बोल लावी. सकाळी आधी रहाटाची करकर, मग लांबून पिठाच्या गिरणीची पुकपुक आणि या सगळ्यावर मायचा आवाज. जेवायला ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, ठेचा, आणि पाहुणे आले तर धपाटे. मोसंबीच्या दिवसांत विकायला न जाणारी डागी फळं आमची. ओठ चुरचुरेपर्यंत खायचो. तशी चव पुढे कुठल्या बाजारात मिळाली नाही, आणि त्याचं कारण फळात नव्हतं हे मला ठाऊक आहे.

दादा, म्हणजे रंगनाथ, नौदलात गेला तो चुकूनच. मित्राला भरतीसाठी सोबत म्हणून गेला, मित्र नापास झाला आणि हा पास होऊन आला. गावात कोणी समुद्र पाहिलेला नव्हता. मायने पाहिलेलं सर्वांत मोठं पाणी म्हणजे तलाव. तिला वाटलं, पोरगा पाण्यावर जाणार. पाण्याखाली जाणार हे कळल्यावर तिने एक दिवस अन्न घेतलं नाही. मग तिने आपला उपाय शोधला. सकाळी पाणी शेंदताना आडात वाकून ती दादाशी बोलायची. रंग्या, म्हैस व्याली. रंग्या, तुझ्या मामाचं जमलं. मी शाळेतली विज्ञानवाली पोरगी, मी तिला सांगायची की माय, आडाचं पाणी समुद्राला जात नाही. ती म्हणे, "पाणी पाण्याला सांगतंय. तुला काय करायचंय?"

सुट्टीवर आला की दादा मला मोर्स शिकवायचा. जेवताना चमच्याने ताटावर टकटक करून तो विचारायचा आणि मी टकटक करूनच सांगायची. ताट वाजवू नये, घरात भांडण लागतं, म्हणून माय चमचा काढून घ्यायची, मग आम्ही बोटांनी पाटावर वाजवायचो. एका सुट्टीत त्याने एक बिघडलेला हेडफोन आणला. तो मी उघडला, जोडला, परत उघडला. त्यानंतर गावातला कुठलाही रेडिओ बंद पडला की माणसं आमच्या अंगणात यायची, आणि आण्णा मिशीतल्या मिशीत काहीतरी म्हणून बागेकडे निघून जायचे. त्यांना ते आवडायचं की नाही हे मला कळत नसे. मी आपलं धरून चालले होते की आवडत नाही.

पाणबुडी बाहेर पडली की दोन-तीन महिने दादाची खबर नाही. पत्रं पाठवून उपयोग नसायचा, ती तळावर पडून राहायची, म्हणून त्या काळात आम्ही पत्र लिहीतच नसू. त्याऐवजी दर फेरीला घरी एक छापील कागद यायचा. त्यावर आखलेली चाळीस घरं, एका घरात एक शब्द. तो भरून पोस्टाने तळावर पाठवायचा. तिथे कोणी वाचणार, इंग्रजी अक्षरांत बसवणार, आणि ते मोठं यंत्र एका ठरलेल्या दिवशी आमचे चाळीस शब्द समुद्रात सोडणार. एका फेरीला एकच निरोप. कागदाखाली एक सूचना छापलेली असे: मरण, आजार, भांडण, असलं काही लिहू नये. बरोबरच होतं. माणूस परत येऊ शकत नाही, विचारू शकत नाही, मग त्याला कळून तो करणार काय? असलं काही आलं तर ते तिकडेच गाळतात, हे दादाने आम्हाला सांगितलं होतं.

तो कागद भरणं म्हणजे आमच्या घरचा सणच होता. आण्णा आंघोळ करून, टोपी घालून ओसरीवर बसायचे. मी दौत-टाक घेऊन समोर. माय दाराच्या चौकटीत. पहिली अकरा घरं आण्णांची, आणि त्यांत कधीही बदल नसायचा: आण्णा खुशाल, माय खुशाल, गुरंढोरं खुशाल, घरी सर्व ठीक, काळजी नसावी. बाकी एकोणतीस घरांत माय आपला अख्खा संसार कोंबायला बघायची आणि मी शब्द मोजून तिला थांबवायची. ती म्हणे, सरकारला एवढी मोठी मशीन परवडते आन् चार घरं जास्तीची परवडत न्हाईत?

इथे आमच्याकडची पत्राची रीत सांगायला हवी, कारण आता पत्रंच गेली तर रीत कोणाला ठाऊक असणार. आमच्या भागात पत्राची सुरुवात खुशालीने व्हायची. ज्या पत्रात खुशाली नसे ते मरणाचं पत्र. पोस्टमन ते हातात देताना मान खाली घालायचा. ते अंगणातच उभ्याने वाचायचं, वाचलं की फाडायचं, उंबऱ्याच्या आत आणायचं नाही. हे कोणी कोणाला शिकवत नसे, सगळ्यांना माहीत असे. मलाही माहीत होतं. पण माहीत असणं आणि ध्यानात असणं यांत फार अंतर आहे, निदान त्या वयात.

त्या वर्षी मी मॅट्रिक झाले, पहिल्या वर्गात. आमच्या गावातली पहिली मुलगी. औरंगाबादेत, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, तंत्रनिकेतनात रेडिओचं शिक्षण मिळतं हे मला मास्तरांनी सांगितलं होतं आणि माझ्या डोक्यात दुसरं काही राहिलं नव्हतं. आण्णांना विचारलं. ते म्हणाले, मॅट्रिक केलीस, बस झालं. त्यांचा आवाजही चढला नाही. आठ दिवसांत जाफराबादकडचं एक स्थळ आलं, घरचं चांगलं, जमीन-जुमला बराबर, आणि पाहायला येण्याचा दिवस ठरला. मायला विचारलं तर ती म्हणे, आण्णापुढं माझं काय चालतंय, तुझा दादा असता तर गोष्ट निराळी. दादा होता पाण्याखाली. आणि ओसरीवरच्या कोनाड्यात त्याचा चाळीस घरांचा कागद येऊन पडला होता.

मी काय केलं ते सरळ सांगते. आण्णांनी नेहमीची अकरा घरं सांगितली, मी मान खाली घालून टाक चालवला, आणि लिहिलं भलतंच: कौसा मॅट्रिकला पहिल्या वर्गात. पुढं रेडिओचं शिकायचंय, औरंगाबादला. तूच ठरव लवकर. अकराला अकरा. मग मायचे एकोणतीस शब्द जसेच्या तसे, वेळेवर जेव, मायची आठवण ठेव, मोसंबीला फळ चांगलं धरलंय. आण्णा म्हणाले, वाच. मी त्यांना त्यांचीच अकरा घरं वाचून दाखवली, तोंडपाठ. आण्णांना वाचता येत होतं, पण मुलीने लिहिलेलं तपासायचं त्यांच्या मनात आलं नाही. हे मला पुढे फार बोचलं. तेव्हा नाही बोचलं. तेव्हा मला वाटलं, मी फार हुशार. जे दर वेळी सारखंच असतं ते सांगण्यात बातमी काय? खुशाल आहेत हे त्याला माहीतच आहे. अकरा घरं फुकट जात होती, ती मी कामाला लावली. भाताच्या शिताने पाकीट चिकटवलं आणि स्वतः मंठ्याच्या पोस्टात टाकून आले.

मग वाट पाहणं. मला वाटायचं, दादा किनाऱ्याला लागला की आण्णांना तार करील. जाफराबादची मंडळी येण्याचा दिवस दोनदा पुढे ढकलला गेला, तिसऱ्यांदा पक्का झाला. तंत्रनिकेतनात अर्ज देण्याची मुदत संपायला आठवडा उरला. मी रोज पोस्टमनच्या सायकलकडे बघायची आणि तो रोज घंटी वाजवत पुढे निघून जायचा.

भर दुपारी, आण्णा अंगणात मोसंबीचे तीन ढीग करत बसले होते, थोर, मध्यम आणि डागी. मी त्यांच्या हाताशी होते. फाटकात एक माणूस येऊन उभा राहिला. डोक्याचा गोटा, मिशा साफ, हातात लोखंडी पेटी. मला वाटलं, कोणी मागायला आला. तो आत येईना, नुसता आण्णांकडे बघत उभा. मग त्याच्या हातातली पेटी खाली पडली, आणि त्या पडण्याच्या आवाजाने माय बाहेर आली. तिने बघितलं आणि ओळखलं. आईला केस लागत नाहीत ओळखायला. पण तिने हाक मारली नाही. आमच्यात आई-बाप गेल्याशिवाय पोरगा डोकं-मिशा काढत नाही, आणि बाप तर समोर मोसंबी निवडत बसलेला. ती स्वतःच्या हाताला चिमटा काढून बघत होती, मी पाहिलं.

आण्णा उठले. त्यांनी दादाच्या डोक्याकडे बघितलं, पेटीकडे बघितलं. म्हणाले, "कोण गेलं रं?"

दादा म्हणाला, "तुम्ही, आण्णा."

आणि तो मोसंब्यांच्या ढिगातच खाली बसला, आण्णांचे दोन्ही पाय धरले, आणि सोडीना. आण्णा त्याच्या त्या गुळगुळीत डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. मी आयुष्यात त्यांना असं पहिल्यांदा पाहिलं. मला तेव्हाच कळून चुकलं. सगळं एकदम कळलं, घर अन् घर, अकराच्या अकरा. मी उठून गोठ्यात गेले आणि म्हशीच्या मागे उभी राहिले.

मायने त्याला आधी आंघोळ घातली, मारुतीला तेल पाठवलं, आण्णांची जुनी टोपी त्याच्या डोक्यावर बसवली आणि केस येईपर्यंत काढायची नाही असं बजावलं. जेवताना त्याने सांगितलं. निरोप त्याने स्वतःच्या हाताने उतरवून घेतला होता, तोच तर बिनतारीवाला. अक्षर-अक्षर कानात येत होतं आणि तो लिहीत होता. पहिला शब्द 'आण्णा' येणार म्हणून हात तयार, आणि आला 'कौसा'. त्याला वाटलं, खुशाली मागून येईल. चाळीस शब्द संपले. त्यात माय होती, मोसंबी होती, आण्णा कुठेच नव्हते. खुशाली नाही, आणि पोरीचं शिक्षण भावाने ठरवायचं. बाप असताना भाऊ कशाला ठरवील? त्याला छापील सूचना ठाऊक होती, वाईट बातमी गाळतात. त्याला वाटलं, घरच्यांनी नियम पाळून, आपल्या रीतीने, जेवढं कळवता येईल तेवढं कळवलं. तो कागद त्याने वाचला आणि फाडला. विचारायची सोय नव्हती. किनाऱ्याला लागल्यावर टपाल बघितलं, घरचं पत्र नव्हतं. साहेब म्हणाले, तार करून विचारू. हा म्हणाला, नको, गाडी आजच आहे, मीच जातो.

आण्णांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला आणि मला हाक मारली. मी कुडाच्या आडून सगळं ऐकत होते. बाहेर आले. आण्णा म्हणाले, "मी काय सांगितलं आन् तू काय लिवलं?" मी म्हणाले, मी तुमचे शब्द गाळले, माझे घातले. मी खोटं वाचून दाखवलं. आण्णांनी जेवण तिथेच सोडलं. दादाने माझ्याकडे बघितलं आणि सावकाश म्हणाला, "वीस दिवस बाप मेलेला माणूस होतो मी, कौसे."

तीन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी बागेत पाण्याचे दांड फिरवताना आपणहून जवळ आला. मी त्याला माझा हिशोब सांगितला, जे दर वेळी सारखं असतं ते सांगण्यात काही नसतं. तो म्हणाला, किनाऱ्यावरच्या यंत्राकडे संदेश नसतो ना, तरी ते गप बसत नाही. तीच तीच चार अक्षरं पाठवत राहतं, तास न् तास. त्यात काही बातमी नसते. पण आम्ही वर येऊन कान लावला आणि ती अक्षरं आली की कळतं, किनारा जागेवर आहे. एखाद्या दिवशी ती आली नाहीत तर पाणबुडीत कोणी कोणाशी बोलत नाही. पुढे चाळीस वर्षं मी याच शास्त्रात नोकरी केली, मोठमोठी पुस्तकं वाचली, तरुण इंजिनिअरांना शिकवलंही. पण माझं शिक्षण त्या दांडावर झालं. मला रडू आलं, आणि त्याने मला रडू दिलं.

त्या संध्याकाळी ओसरीवर बसल्यावर आण्णांनी विचारलं, सुतक पाळलं का? त्यांच्या स्वरात चौकशी होती, नुसती. मेल्याची आवई उठली की आयुष्य वाढतं म्हणतात, त्यामुळे ते जरा खुशीतही असावेत. दादा म्हणाला, पाळलं. दहावंही केलं. माय म्हणाली, अगं बाई, पाण्याखाली? मग त्याने ते सांगितलं. टॉर्पेडो ठेवतात तिथल्या अरुंद बोळीत, पत्र्याच्या ताटलीत भाताचा पिंड ठेवला. साहेबांनी परवानगी दिली होती. दोन-चार जण टोप्या काढून उभे होते. पिंड ठेवला, पण कावळा कुठून आणायचा? आपल्याकडे पिंडाला कावळा शिवला नाही की मेलेल्याचं मन कशात तरी अडकलंय असं समजतात, आणि घरचे हात जोडून एकेक वचन देत जातात. ज्या वचनाला शिवला, त्यात जीव होता. दादाने तेच केलं. म्हणाला, आण्णा, मायला सांभाळीन. थांबला. आण्णा, मोसंबीची बाग तोडू देणार न्हाई. थांबला. आण्णा, चुलत्याशी बांधावरून भांडणार न्हाई. तेही गेलं. मग म्हणाला, आण्णा, कौसाला शिकवीन.

"आन् मंग?" आण्णा पुढे सरकले होते.

तेव्हा पाणबुडीचा स्वयंपाकी, मल्याळी माणूस, इतका वेळ मागे उभा होता, तो पुढे झाला. त्यांच्याकडेही कावळ्याची वाट बघतात म्हणे. त्याने पिंडाचा एक घास उचलला, तोंडात घातला आणि आपल्या हिंदीत म्हणाला, "आज कौआ मैं हूँ."

आण्णांनी विचारलं, त्या माणसाला मराठी येत होतं का? दादा म्हणाला, एक अक्षर न्हाई. आण्णा म्हणाले, "म्हंजे ऐकून न्हाई खाल्लं त्यानं. आधीच्या तीन शब्दांना न्हाई उठला, ह्या शब्दाला उठला." मग उठून पाणी प्यायले आणि आत निजायला गेले. मी दादाकडे बघितलं. दादा अंगणाकडे बघत होता.

खरंच त्या वचनाला त्याने घास घेतला का, हे मी दादाला गेल्या हिवाळ्यात विचारलं, त्या कपाटातल्या वायरी जोडताना. म्हणाला, बिनतारीवाला जे ऐकतो तेच लिहितो, त्याला असलं विचारू नये. मी पुन्हा विचारणार नाही. काही गोष्टी न विचारता बऱ्या असतात, एवढं शहाणपण मला उशिरा का होईना आलं आहे.

दुसऱ्या दिवशी आण्णांनी जाफराबादला माणूस पाठवला, पोरीचं तीन वर्षं राहू द्या म्हणून. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं एसटीने निघालो, दादा टोपीत, आण्णा फेट्यात, मी मायच्या ठेवणीतल्या लुगड्यात, मांडीवर डागी मोसंब्यांची पिशवी. तंत्रनिकेतनाच्या खिडकीवरच्या कारकुनाने अर्ज घेतला आणि पालकाच्या रकान्यावर बोट ठेवलं. आण्णा म्हणाले, तिथं रंगनाथचं नाव घाला, पुढं भाऊ म्हणून लिवा. कारकून म्हणाला, भाऊ चालतो, पण वडील नसतील तरच. वडील हयात आहेत का? दादाने टोपी सारखी केली. आण्णा खिडकीत वाकले, आणि माझ्या बापाच्या तोंडून मी ऐकलेलं सर्वांत मोठं वाक्य त्यांनी त्या अनोळखी माणसाला सांगितलं.

"हयात हाये, हा काय तुमच्यापुढं उभा. पण पोरीला शिकवायचं मला जित्तेपणी सुचलं न्हाई, मेल्यावर सुचलं. तवा शब्द पोराचा हाये, नाव बी त्याचंच लिवा."